देहाची रोजकीर्द

आमच्या संघाच्या या स्मरणिकेत आम्ही यापूर्वी तुरीच्या आवकेविषयी लिहिले, बारदानाच्या टंचाईविषयी लिहिले, एकदा हमाली व तोलाईच्या दरांविषयीही लिहिले. यंदा संपादक मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही 'व्यायाम' असे सांगितले आणि मंडळी मनमोकळेपणाने हसली. त्यांचा दोष नाही. गेली चाळीस वर्षे आदिलाबादेत ज्यांनी आम्हांस पाहिले त्यांनी गादीवर तक्क्याला टेकलेलेच पाहिले. शिवाय आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तसा आमचा दावाही नाही. तथापि आकडे लिहिणे, ते पडताळणे आणि त्यांवरून पुढचा सौदा ठरविणे हा आमचा जन्माचा धंदा आहे, आणि प्रस्तुत विषय मुळात तेवढाच आहे. मनगटावरच्या घड्याळातून, साध्या फितीतून वा रक्ताच्या थेंबातून आपल्या देहाचे जे आकडे हाती येतात, त्यांवरून ज्याने त्याने आपला व्यायाम कसा बेतावा, हे आम्ही आमच्या अनुभवावरून सांगणार आहोत.

आपल्या बाजारात नुसत्या नजरेने माल कोणी घेत नाही. पोत्यात परखी घालून नमुना काढावयाचा, तो तळहातावर पसरावयाचा, दाताखाली दाणा फोडून पाहावयाचा, आणि अलीकडे ओलावा मोजण्याचे यंत्र लावावयाचे. कापसाच्या हंगामात यार्डात जी हुज्जत होते ती ओलाव्याचीच: सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा. एका टक्क्यासाठी आम्ही शेतकऱ्याशी आणि शेतकरी आमच्याशी तासतासभर वाद घालतो. असे असूनही, ज्या देहाच्या बळावर हा सर्व व्यवहार चालतो त्याचा नमुना आम्ही कधी काढला नव्हता.

आमचे थोरले बंधू २०११ साली कार्तिकात, ऐन आवकेच्या दिवसांत, पेढीवर बसल्या बसल्याच गेले. वय ५४. अंगाने ते सडपातळ. वजन कधी ६० किलोंच्या वर गेले नाही. "काटक माणसाला काय होते?" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा म्हटले गेले होते की ते शास्त्रवचनच वाटे. धावत आलेल्या डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी काही तपासण्या केल्या होत्या?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. त्यांचा रक्तदाब, साखर, कमरेचा घेर यांतला एकही आकडा कुठे लिहिलेला नव्हता. आणि पाठीमागच्या कपाटात त्यांच्या हातच्या तीस वर्षांच्या खतावण्या ओळीने लावलेल्या होत्या, ज्यांत पै-पैचा हिशेब होता.

त्यावरून आम्ही काही शिकलो असेही नाही. अकरा वर्षे आम्ही तसेच काढली. २०२२ साली पुण्यास कन्येकडे गेलो असता तिने आग्रहाने सर्व तपासण्या करविल्या. उंची १६६ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो निर्देशांक आहे तो २२.१ निघाला; आशियाई माणसास २३ पर्यंत तो ठीक समजतात, म्हणजे आम्ही उत्तीर्ण. मग डॉक्टरीणबाईंनी बेंबीच्या रेषेत फीत लावली. घेर ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषास मर्यादा ९० ची व स्त्रीस ८० ची. पुढे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी आली, ती ७.८. साडेसहापासून मधुमेह धरतात. आम्ही म्हणालो, "बाई, आम्ही तर काटक आहोत." त्या हसल्या नाहीत. त्यांनी आम्हांस एका छायाचित्राची गोष्ट सांगितली, ती इथे सांगितलीच पाहिजे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मधुमेहाचे संशोधक. २००४ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक अगदी एकच, २२.३. परंतु यंत्राने मोजले तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. आणि आपल्या डॉक्टरसाहेबांचा मुख्य व्यायाम काय, तर रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत ते गाठणे, अशी थट्टाही त्या टिपणात केलेली आहे. दिसावयास सडसडीत पण आतून चरबीने भरलेला असा हा भारतीय देह. याज्ञिकांनी त्याचे मूळ शोधण्यासाठी पुण्याभोवतालच्या खेड्यांतील गर्भवती माता व त्यांची नवजात बालके यांची वर्षानुवर्षे मोजदाद केली. एकाच वजनाची दोन पोती काट्यावर ठेवली तर काटा दोन्हींना सारखेच सांगतो. आत ओलावा किती हे त्याला ठाऊक नसते. आमच्या घरातले शास्त्रवचन त्या दिवशी पुण्यात मोडले, पण अकरा वर्षे उशिरा.

मोजून व्यायाम सांगण्याची ही रीत परदेशातून नुकतीच आली असे कोणी समजू नये. जगन्नाथ गणेश गुणे, ज्यांना आपण स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो, त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. उड्डियान व नौली करताना पोटातील दाबात काय फरक पडतो हे त्यांनी दाबमापकाने व क्ष-किरणांनी तपासले. आसनाचा गुण परंपरेने सांगितला म्हणून मानावयाचा नाही, तो आकड्यांत दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. १९२७ साली महाराष्ट्राच्या दौऱ्यात गांधीजींचा रक्तदाब वाढला व त्यांना विश्रांतीस जावे लागले, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. कोणते आसन केले, रक्तदाब काय आला, याचा वृत्तान्त गांधीजी पत्रांतून कळवीत आणि स्वामीजी त्यावरून पुढचे सांगत. आज मनगटावरचे यंत्र जे क्षणात करते ते त्या वेळी टपालाने होत असे; फरक वेगाचा आहे.

आता प्रश्न असा की, प्रत्येकाला वेगळा व्यायाम बेतण्याची आवश्यकताच काय? आमच्या ओळखीच्या एका व्यायामशाळेत भिंतीवर एक छापील तक्ता आहे. वीस वर्षांच्या पोरास आणि साठीच्या गृहस्थास तोच. याचे उत्तर एका अमेरिकन संशोधनात सापडते. क्लोद बुशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी बैठी कामे करणाऱ्या सुमारे ४८० जणांना, त्यांत आईबाप व त्यांची मुले होती, २० आठवडे ठरलेला आणि मोजलेला सायकलचा व्यायाम दिला. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची देहाची जी शक्ती, ती सरासरीने चांगली वाढली. पण कोणाची वाढ जवळजवळ शून्य, तर कोणाची सरासरीच्या दुप्पट-अडीचपट. आणि एका कुटुंबातील माणसांत साम्य अधिक. एकच बियाणे काळ्या रानात आणि मुरमाड रानात सारखे उतरत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात आश्चर्य वाटू नये. खाण्याचेही तसेच. इस्रायलमध्ये २०१५ साली ८०० माणसांच्या अंगावर साखरमापक बसवून पाहिले, तेव्हा तोच पाव खाऊन एकाची साखर भराभर चढली व दुसऱ्याची जागची हलली नाही.

तेव्हा दुसऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नाही. यातील सर्वांत मोठा परका आकडा म्हणजे दहा हजार पावले. तो कोणत्या ऋषीने सांगितला असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमधील एका कंपनीने कमरेला लावण्याचे पावलांचे यंत्र बाजारात आणले व त्याचे नाव ठेवले 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, नाव चालले, माल खपला. व्यापारी म्हणून आम्ही त्या कंपनीचे कौतुकच करू. परंतु २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी लाभ दिसला नाही. आमच्या एका स्नेह्यांना दिवाळीत मुलाने घड्याळ दिले. तोवर ते दिवसाला फार तर अडीच हजार पावले चालत असतील. मित्रमंडळींच्या मोबाईलवरील गटात रोज आकडे पडत, कोण पुढे, कोण मागे. भाऊबीजेपासून ते दहा हजारांवर गेले आणि मकरसंक्रांतीस गुडघा सुजून अंथरुणावर. पुढे दोन महिने घड्याळ टेबलाच्या खणात होते. त्यांना चार हजारांवर थांबवून दर पंधरवड्याला चारपाचशे वाढविण्यास कोणी सांगितले असते तर आज ते आमच्याबरोबर चालत असते.

घड्याळाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण काट्याची ओळख असल्याशिवाय वजनावर विश्वास ठेवू नये. घड्याळाच्या पाठीवर जो हिरवा प्रकाश लुकलुकतो तो कातडीखालच्या रक्तावर पडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला तेथे रक्त वाढले की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. पावले मोजणारे यंत्र वेगळे. ते मनगटाला बसणारे हेलकावे मोजते. म्हणून जैनथच्या रस्त्याने मोटारसायकलवर जाऊन आलो की आमच्या खात्यात न चाललेली शे-दोनशे पावले जमा होतात, आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून बाजारातून आलो तर चाललेली पावले बुडतात. पौषातल्या आपल्याकडच्या थंडीत पट्टा सैल असला तर नाडीही वेडीवाकडी येते. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सात घड्याळांची परीक्षा झाली. सातांपैकी सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत चुकली, म्हणजे पुष्कळच बरी. परंतु जळालेल्या कॅलरींचा आकडा उत्तमातल्या उत्तम घड्याळाचा सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईटाचा ९३ टक्क्यांनी चुकला. यास्तव कॅलरीचा रकाना आम्ही आमच्या वहीतून काढून टाकला. "घड्याळाने एवढ्या जाळल्या, आता एक जिलबी चालेल" हा हिशेब खोट्या काट्यावरचा आहे. आणखी एक फसवणूक: सुई न टोचता घड्याळातच साखर दाखविण्याची जाहिरात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२४ च्या फेब्रुवारीत असा इशारा दिला की असे एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. ज्यांच्या गोळीचा वा इन्सुलिनचा डोस साखरेवर ठरतो त्यांनी अशा वस्तूच्या भरवशावर राहणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

नाडीवरून चालण्याचा वेग कसा ठरवावा हे आता सांगतो. हिशेब तोंडी करण्याजोगा आहे. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके २२० मधून वय वजा करून काढण्याची जुनी रीत आहे. ती ढोबळ आहे. २००१ मध्ये सुचविलेली रीत अशी: वयाला ०.७ ने गुणावे व ते २०८ मधून वजा करावे. आमचे वय ६६. म्हणजे २०८ वजा ४६, बाकी १६२. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी त्या वेळी ७८ होती. दोहोंतील अंतर ८४, हे आमचे भांडवल. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ साली असे दाखविले की श्रमाची मात्रा या अंतरावरून ठरवावी. मध्यम व्यायाम म्हणजे त्याचा ४० ते ६० टक्के भाग. नवख्याने खालच्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणून आम्ही ४० ते ५० टक्के धरले: ३४ ते ४२. ते ७८ मध्ये मिळविले की ११२ ते १२०. चालताना आमची नाडी या दोन आकड्यांत असावी. आमच्या चिरंजीवांचे वय ३८. त्यांचा हिशेब निराळा, आमच्या बरोबरीने चालले तर त्यांचा व्यायाम होतच नाही आणि त्यांच्या बरोबरीने आम्ही चाललो तर आमची दमछाक होते. मात्र रक्तदाबासाठी वा छातीच्या दुखण्यासाठी ठोके मंद करणाऱ्या ज्या गोळ्या दिल्या जातात त्या घेणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांची नाडी श्रम केले तरी तेवढी वर जात नाही, आणि आकडा गाठण्याच्या नादात ते स्वतःस थकवून बसतील. त्यांनी डॉक्टरांस विचारावे. घड्याळ नसलेल्यांसाठी जुनी खूण आहेच: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

आमच्या वहीत पहिले तीन महिने आम्ही एकच व्यायाम केला: सकाळी ४५ मिनिटे स्टेडियमभोवती चालणे. रोज पावले, पहाटेची नाडी, आठवड्यातून दोनदा बोटाच्या टोकाची साखर, उपाशीपोटी व जेवणानंतर दोन तासांनी. अंथरुणातली नाडी ७८ वरून ७४ वर आली. उपाशीपोटीची साखर सुधारली. पण संध्याकाळच्या जेवणानंतरचा आकडा हट्टाने २१० ते २३० च्या दरम्यान राहिला. हे एका पानावर ओळीने लिहिलेले नसते तर कधीच ध्यानात आले नसते. कारण शोधू लागलो तेव्हा ते आमच्या गादीवरच सापडले. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि हात धुऊन पुन्हा पेढीवर जातो. त्यानंतर रात्री नवापर्यंत जमाखर्च, फोन, उद्याची आवक. म्हणजे दिवसातील जडसे जेवण पोटात आणि देह तीन तास पूर्ण स्थिर. सकाळचे ४५ मिनिटांचे चालणे या वेळी काय उपयोगाचे?

अमेरिकेत २०१३ साली साठी उलटलेल्या दहा जणांवर केलेला एक लहानसा प्रयोग कन्येने वाचून दाखविला: प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालण्याने चोवीस तासांतील साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्याहून अधिक उतरली. दहा माणसांचा पुरावा म्हणजे एका पोत्याचा नमुना. परंतु नमुना पाहून दुसरे पोते उघडण्यास हरकत नसते. आम्ही आहार तोच ठेवला, गोळी तीच ठेवली, एकूण मिनिटेही तीच. फक्त ४५ चे तीन भाग केले. संध्याकाळचे जेवण झाले की थेट पेढीवर न जाता कापड बाजाराच्या बाजूने वळसा घालून जावयाचे. दोन आठवड्यांत तो हट्टी आकडा १७० ते १८० वर आला. सहा महिन्यांनी सरासरीची चाचणी ६.९. गोळीचाही वाटा त्यात आहे, हे आम्ही नाकारीत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून कशाचा गुण कोणता हे कळले. भाकरी, गोळी आणि चालणे तिन्ही एकदम बदलले असते तर खात्यात रक्कम जमा झाली असती पण कोणाकडून आली ते कळले नसते.

आता आमची चूक. घड्याळात एक सोय आहे. ठरलेली पावले रोज पुरी केली तर सलग किती दिवस झाले ते दाखविते. आमचे ११३ दिवस झाले होते. अष्टमीचा उपवास होता. उपवासाच्या दिवशी साखरेची गोळी घ्यावी की नाही हे आधी विचारून ठेवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. आम्ही विचारले नव्हते, आणि गोळी सवयीने घेतली. चैत्राचे ऊन. संध्याकाळी हजारभर पावले उरली होती, ती पुरी करण्यास निघालो. जिनिंगच्या कुंपणाजवळ पाय थरथरू लागले, घाम सुटला, समोरचे दिवे दोन-दोन दिसू लागले. एका किराणा दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. दुकानदार ओळखीचा, त्याने साखरेचे पाणी पुढे केले. उपवास मोडणार म्हणून आम्ही क्षणभर थांबलो, हे लिहिताना आज लाज वाटते. मग प्यालो. घरी आल्यावर, पाणी पिऊन वीस मिनिटे झाल्यावर, साखर ६४ होती. पायरीवर ती किती असेल याची कल्पना करावी. आणि त्याच वेळी मनगटावर घड्याळ थरथरले व अभिनंदन करू लागले, कारण त्या पायरीपर्यंत पावले पुरी झाली होती.

त्या दिवसापासून वहीत 'उपवास' असा स्वतंत्र रकाना आहे. त्या दिवशीच्या गोळीचा निर्णय डॉक्टरांकडून लिहून घेतला आहे, चालणे घरातल्या घरात, आणि घड्याळ काढून ठेवलेले असते. पर्युषणात आठ आठ दिवसांची तपश्चर्या करणारे आपल्यात अनेक आहेत व त्यांतील कित्येकांना मधुमेह आहे. त्यांनी महिनाभर आधी आपली वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गुरुमहाराजांसही आपले आजारपण सांगण्यात संकोच नसावा.

स्त्रियांविषयी लिहिण्यास आम्ही थोडे चाचरतो, पण आमच्या सौभाग्यवतींनी तशी परवानगी दिली आहे. त्यांचे घड्याळ दिवसाला सहा-साडेसहा हजार पावले दाखवी, म्हणून आम्ही त्यांना भाग्यवान समजत होतो. परंतु स्वयंपाकघर ते देवघर अशा चालण्यात नाडी ९० च्या वर जातच नव्हती, आणि जमिनीवर बसून उठताना हाताचा टेकू लागे. त्यांचा उणा आकडा पावलांचा नव्हताच. एक साधी परीक्षा आहे: पाठ सरळ असलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीवर दुमडावे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६० ते ६४ वयाच्या स्त्रीला १२ हून कमी व पुरुषाला १४ हून कमी जमले, तर पायांची ताकद सरासरीखाली आणि पडण्याचा धोका अधिक समजतात. ६५ ते ६९ मध्ये हेच आकडे ११ व १२. सौ. ना ६२ व्या वर्षी आठ वेळा जमले. त्यांना आम्ही चालण्यास न सांगता दिवसातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे सुरू करविले. चार महिन्यांनी तेरा. आमचे स्वतःचे दहाच होते, ही गोष्ट त्यांनी सूनबाईंसमोर दोनदा सांगितली. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस उठबस आमच्याही वाट्यास आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, त्याबरोबर दोन दिवस बळाचा व्यायाम आणि ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचाही व्यायाम सांगितला आहे. पैकी आपल्याला कोणता कमी पडतो हे आकड्यांशिवाय कळण्यास मार्ग नाही.

शेवटी एका व्यवहाराच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. हे आकडे आपल्या मनगटावर राहत नाहीत. ते कंपनीच्या यंत्रांत जातात. २०१८ च्या जानेवारीत असे उघडकीस आले की धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या 'स्ट्राव्हा' या सेवेने जगाचा जो नकाशा प्रसिद्ध केला होता, त्यात सैनिकांच्या धावण्याच्या रेघांवरून लष्करी तळ उघड दिसत होते. आपल्याकडे लष्करी गुपित नसेल, पण रोज पहाटे साडेपाच ते सव्वासहा घराला कुलूप असते हे चोरास कळण्याजोगे असते. विम्याच्या कंपन्या पावलांवर हप्त्यात सूट देऊ करतात. सूट घेण्यास आमचा विरोध नाही, तथापि आज जो आकडा सवलतीसाठी देतो तो उद्या कुठे वापरला जाईल हे करारपत्रात वाचूनच सही करावी. आपल्या व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे व संमतीशिवाय ती वापरू नये असे त्याचे सूत्र आहे. परंतु मोबाईलवर 'मान्य आहे' असे न वाचता दाबणे हीच ती संमती. पेढीची शिल्लक आपण मित्रमंडळींच्या गटात टाकत नाही. साखरेचीही टाकू नये.

आणि घड्याळ नसले तरी चालते, हे मुद्दाम सांगतो. शिंप्याची फीत, भिंतीवरचे घड्याळ, घरात मधुमेही असेल तर बोट टोचण्याचे यंत्र, आणि वही. आमच्या चिरंजीवांनी गेल्या वर्षापर्यंत यांतल्या कशालाही हात लावला नव्हता. अंगाने ते थेट थोरल्या काकांवर गेले आहेत. तसेच सडपातळ, तसेच तासन्‌तास गादीवर. गेल्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर सौ. नी फीत आणून त्यांच्या कमरेला लावली. ९१. ते काही बोलले नाहीत. नव्या वहीचे दुसरे पान त्यांनी स्वतःच्या नावाने आखून घेतले आणि तारीख घातली.

आमच्या वह्या बांधणाऱ्याकडून आम्ही अशा पन्नास वह्या तयार करून घेतल्या आहेत: तारीख, पहाटेची नाडी, चालण्याची मिनिटे व वेळ, कमरेचा घेर महिन्यातून एकदा, उठबस महिन्यातून एकदा, साखर व रक्तदाब डॉक्टरांनी सांगितले असेल तसे, उपवास, आणि शेवटी शेऱ्यासाठी रुंद रकाना. सभासदांस त्या विनामूल्य आहेत. हव्या असल्यास आमच्या पेढीवर दुपारी चार ते पाच या वेळात याव्यात. त्यानंतर आम्ही जेवणास जातो, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे पेढीवर कोणी सापडत नाही.